अवघड इंग्रजी शब्द पाठ करायचे की ओळखायचे?

रविवारी सकाळी वंदना आटोपली की आमच्या वस्तीतल्या विहारात पंधरा-वीस मुले-मुली मागे थांबतात. कुणी अकरावीत आहे, कुणी एमपीएससीची दुसरी खेप देतो आहे, एक जण नर्सिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही कार्यकर्त्यांनी इथे इंग्रजी शब्दसंग्रहाचा वर्ग सुरू केला. पद्धत सगळीकडे असते तीच होती. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकातून आठवड्याला चाळीस शब्द, समोर मराठी अर्थ, पुढच्या रविवारी चाचणी. मुले मन लावून पाठ करायची. दीड महिन्यानंतर आम्ही पहिल्या आठवड्याचे शब्द पुन्हा विचारले, तेव्हा सात-आठ शब्दांच्या पुढे कुणी गेले नाही. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता.

मग एका रविवारी बारावीतल्या एका मुलीने मोबाईलवर बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडाची पीडीएफ उघडली आणि विचारले, "दादा, डिप्रेस्ड क्लासेस म्हणजे निराश झालेले लोक का?" दोघे-तिघे हसले. आम्हाला हसू आले नाही. आम्हीच दिलेल्या यादीत 'डिप्रेस्ड' या शब्दासमोर 'खिन्न, उदास' असे छापलेले होते. तिने पाठ केलेला अर्थ प्रामाणिकपणे लावून पाहिला होता आणि त्या अर्थाने बाबासाहेबांचे पान उलगडण्याऐवजी बंद झाले होते.

त्या दिवशी यादी बाजूला ठेवली आणि फळ्यावर फक्त 'प्रेस' लिहिले. इस्त्रीवाला कपडे प्रेस करतो, म्हणजे दाबतो. कुकरमध्ये प्रेशर असते. आता पुढे उपसर्ग लावत जा. 'डि' म्हणजे खाली, तेव्हा 'डिप्रेस' म्हणजे खाली दाबणे. 'सप्रेस' म्हणजे डोके वर काढू न देणे. 'ऑप्रेस' म्हणजे अंगावर भार टाकून दडपणे. 'एक्स' म्हणजे बाहेर, म्हणून 'एक्स्प्रेस' म्हणजे आतले बाहेर काढणे, व्यक्त करणे. 'इम्प्रेस' म्हणजे ठसा उमटवणे. चाळीस शब्दांच्या यादीला जो आठवडा लागायचा, तिथे वीस मिनिटांत एक घराणे ओळखीचे झाले. आणि डिप्रेस्ड क्लासेस म्हणजे खाली दाबले गेलेले वर्ग, हे कुणाला वेगळे सांगावे लागले नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या नावात हाच शब्द आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेब ज्यांचे प्रतिनिधी म्हणून उभे राहिले, त्यांना सरकारी भाषेत हेच नाव होते. १९३५ च्या कायद्यात त्या जागी 'शेड्युल्ड कास्ट्स' आले. शेड्यूल म्हणजे तक्ता, यादी. बदल लक्षात घ्या. जुन्या नावात निदान कुणीतरी दाबले आहे एवढे तरी ऐकू येत होते, नव्या नावात फक्त यादीत नोंद असल्याचे कळते.

आम्हाला या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की आपल्या तरुणांनी उच्च पातळीचे इंग्रजी शब्द जरूर शिकावेत, पण ते आपल्या कामाच्या पानांवरून शिकावेत, आणि शब्दाचा अर्थ विचारताना तो कुठून आला, कुणासाठी वापरला गेला, हेही विचारावे.

शब्दकोशातही वेस आहे

इंग्रजी ही मुक्तीची भाषा आहे असे आपल्याकडे नेहमी बोलले जाते. सावित्रीबाईंपासून ही धारणा चालत आली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण इंग्रजी शब्दकोश धुतल्या तांदळासारखा स्वच्छ नाही.

स्पर्धा परीक्षेच्या जवळजवळ प्रत्येक शब्दसंग्रहात 'परायाह' हा शब्द भेटतो. समोर अर्थ असतो : समाजाने वाळीत टाकलेला माणूस. वृत्तपत्रांत एखाद्या देशाशी कुणी संबंध ठेवत नसेल तर त्याला 'परायाह स्टेट' म्हणतात. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही 'परायाह डॉग' म्हणण्याची रीत आहे. मुलांना हा भारदस्त शब्द वाटतो आणि निबंधात वापरावासा वाटतो. पण तो तमिळ भाषेतून इंग्रजीत गेला आहे. 'परई' नावाचे चर्मवाद्य वाजवणाऱ्या परैयार समाजाचे ते नाव आहे. अस्पृश्य ठरवलेल्या एका जातीचे नाव घेतले आणि जगभर ते तिरस्काराचे विशेषण म्हणून फिरवले, असा हा प्रकार आहे. यादीत यातले काहीच नसते. आपल्याच बांधवांच्या नावाची शिवी आपण 'अ‍ॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी' म्हणून घोकत बसतो.

दुसरी बाजूही त्याच कोशात आहे. 'ब्राह्मिन' हा शब्द अमेरिकन इंग्रजीत उच्चभ्रू, सुसंस्कृत घराण्यातला माणूस या अर्थाने रुळला आहे. ऑलिव्हर वेंडेल होम्स या लेखकाने १८६० मध्ये बोस्टनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यांसाठी तो वापरला आणि तो टिकला. म्हणजे आपल्या गावाच्या दोन टोकांची नावे सातासमुद्रापार गेली, तीही जाताना आपापली पायरी सोबत घेऊन गेली. असे शब्द माहीत असलेच पाहिजेत. वाचताना ते कळले पाहिजेत, आणि परायाहसारखा शब्द लिहिताना टाळण्याइतके शहाणपणही पाहिजे.

खुद्द 'कास्ट' हा शब्द घ्या. गोव्यात आणि पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनी इथला समाज पाहिला आणि त्याला स्वतःचा 'कास्टा' हा शब्द लावला. त्याचा अर्थ वंश, कूळ. तोच पुढे इंग्रजीत गेला. त्यामुळे आपण ज्याला वर्ण म्हणतो आणि ज्याला जात म्हणतो, त्या दोन्हींसाठी इंग्रजीत बहुतेक वेळा एकच शब्द पडतो आणि वाचणाऱ्याचा गोंधळ होतो. इंग्रजीत समाजशास्त्र वाचायला घेतल्यावर आम्हीही या गोंधळात अडकलो होतो.

आणखी एक नेहमीची चूक. झेरॉक्सच्या दुकानाच्या पाटीवर, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सूचनांमध्ये, कधी कधी शिकलेल्यांच्या अर्जातही कास्ट सर्टिफिकेटमधल्या 'कास्ट'च्या शेवटचे 'ई' हे अक्षर गळालेले असते. ते अक्षर गेले की शब्दच बदलतो. 'ई' नसलेला कास्ट वेगळ्याच घराण्यातला आहे. जुन्या नॉर्स भाषेतून आलेला, अर्थ फेकणे. मत टाकणे, साचा ओतणे, सिनेमातली पात्रयोजना हे सगळे त्याचेच अर्थ. म्हणूनच 'आउटकास्ट' हा शब्द दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. 'ई' नसेल तर बाहेर फेकलेला, 'ई' असेल तर जातीच्या चौकटीबाहेरचा. उच्चार तोच, भोगणाराही बहुधा तोच.

बाबासाहेबांच्या पानांवरचे काही शब्द

सुरुवात 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'पासून करू नका, असे आम्ही वर्गात सांगतो. पोस्टरवर ते पुस्तक सगळ्यांना माहीत असते. उत्साहाने उघडतात आणि चौथ्या पानावर थांबतात. आधी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' घ्या. थोडीच पाने आहेत, वाक्ये सरळ आहेत, आणि कोरेगावचा प्रवास, बडोद्यातला मुक्काम, चाळीसगावचा टांगा, दौलताबादचा किल्ला हे प्रसंग आपल्याला मराठीतून आधीच ठाऊक असतात. प्रसंग माहीत असला की अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भावरून लागतो. शब्द शिकण्याचा हा सर्वांत टिकाऊ मार्ग आहे. शीर्षकातला 'व्हिसा' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'पाहिलेला', म्हणजे तपासून शिक्का मारलेला कागद. परक्या देशात शिरायला लागणारी परवानगी. आपल्याच मुलखात विहिरीवर, टांग्यात, धर्मशाळेत शिरायला परवानगी लागणाऱ्या माणसाने आठवणींना हे नाव दिले, यावर आमच्या वर्गात एक अख्खा रविवार गेला.

त्यानंतर १९१६ चा कोलंबिया विद्यापीठातला 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध. इथे 'एंडोगॅमी' हा शब्द वाट अडवतो. पण 'एंडो' आपल्याला दवाखान्यातून माहीत आहे. एंडोस्कोपी म्हणजे नळी आत घालून पाहणे. एंडो म्हणजे आत, गॅमी म्हणजे लग्न. एंडोगॅमी म्हणजे आपल्या गटाच्या आतच लग्न. 'एक्सोगॅमी' म्हणजे बाहेर लग्न, जसे गोत्राबाहेर. मोनोगॅमी, पॉलिगॅमी हे याच घरातले. तेव्हा पंचविशीत असलेल्या बाबासाहेबांचा मुद्दा हा होता, की मुळात बाहेर लग्न करणाऱ्या समाजावर आत लग्न करण्याचे बंधन लादले गेले आणि तिथून जात तयार झाली. हा एक शब्द कळला की निबंधाचा कणा हाताला लागतो. मग कुणाच्याही लग्नपत्रिकेकडे आणि वधू-वर सूचक मेळाव्याच्या जाहिरातीकडे, आपल्या समाजातल्या मेळाव्यांसह, वेगळ्या नजरेने पाहावे लागते.

'एंडो' लक्षात राहिला असेल तर 'अ‍ॅनिहिलेशन'मधला 'एंडॉस्मॉसिस' आता घाबरवत नाही. शाळेत मनुके पाण्यात टाकून ते फुगताना पाहिले असेल. पातळ पडद्यातून पाणी आत शिरते, त्याला परासरण म्हणतात. बाबासाहेबांचे कोलंबियातले प्राध्यापक जॉन ड्युई यांनी १९१६ च्या आपल्या पुस्तकात हा विज्ञानातला शब्द समाजासाठी वापरला. बाबासाहेबांनी तो १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे वापरला आणि पुन्हा १९३६ मध्ये. समाजातल्या गटांमध्ये अनुभवांचे, माणसांचे असे झिरपणे चालू असले पाहिजे, तरच बंधुता शक्य आहे, असा त्याचा आशय. जात म्हणजे ज्यातून काहीच झिरपत नाही असा पडदा. मराठीत याला आम्ही नेमका प्रतिशब्द शोधतो आहोत. 'अभिसरण' जवळचा वाटतो, पण त्यात तो पडदा दिसत नाही.

आता शीर्षकातला शब्द. 'निहिल' म्हणजे काहीही नाही. 'अ‍ॅनिहिलेट' म्हणजे काही उरणार नाही असे करणे. मराठीत त्यासाठी निर्मूलन, उच्छेद, विध्वंसन असे वेगवेगळे शब्द योजले गेले आहेत आणि प्रत्येकाचे चित्र निराळे आहे. मूळ उपटणे वेगळे, छाटणे वेगळे, उद्ध्वस्त करणे वेगळे. पण त्याहून मोठा घोळ दुसऱ्या शब्दात होतो. बोलताना सर्रास 'जातिभेद निर्मूलन' म्हटले जाते. मूळ शीर्षकात भेद नाही, जात आहे. भेद काढा आणि जात राहू द्या, असे तर पुष्कळ जण म्हणतच होते. त्याच्याशेजारी संविधानाचा अनुच्छेद १७ ठेवून पाहा. तिथे 'अ‍ॅबॉलिश' हे क्रियापद आहे, म्हणजे कायद्याने रद्द करणे, आणि रद्द केली आहे ती अस्पृश्यता. जात रद्द केलेली नाही. अस्पृश्यता हा शब्द तिथे अवतरणचिन्हांत आहे आणि संविधानात त्याची व्याख्या दिलेली नाही. दोन क्रियापदांमधले हे अंतर समजले की संविधानाने काय दिले आणि कोणते काम आपल्यावर सोडले, यावर नीट बोलता येते.

'अ‍ॅजिटेट'बद्दल आमचा नेहमी वाद होतो. जुलै १९४२ च्या नागपूर परिषदेत बाबासाहेबांनी दिलेला क्रम एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ असा आहे. ही त्रयी १८८० च्या दशकात ब्रिटनमधल्या समाजवाद्यांमध्येही प्रचलित होती. आपल्या फलकांवर मात्र 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असते. क्रम बदलला आहे आणि मधल्या शब्दाचा अर्थही सरकला आहे. अ‍ॅजिटेट म्हणजे ढवळणे, हलवून जागे करणे. कपडे धुण्याच्या यंत्रात कपडे घुसळणारा जो दांडा असतो त्यालाही 'अ‍ॅजिटेटर' म्हणतात. म्हणून 'चेतवा' हा मराठी शब्द आम्हाला अधिक जवळचा वाटतो. शिवाय एज्युकेट हे सकर्मक क्रियापद आहे. त्याचा सरळ अर्थ 'शिका' नाही, 'शिकवा' आहे. 'शिकवा, चेतवा, संघटित करा' हे रूप जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी ऐकू येते ते याचमुळे. स्वतः शिकून नोकरीला लागलेल्याला पहिल्या घोषणेत सुटका आहे, दुसरीत नाही. काही ज्येष्ठांना आमचे हे म्हणणे आवडत नाही. रुजलेली घोषणा उकरू नये, असे ते म्हणतात. आम्ही ती पुसा म्हणत नाही, मूळ शब्द शेजारी लिहून ठेवा म्हणतो.

अ‍ॅट्रॉसिटी कोणी केली?

कामाच्या निमित्ताने आम्हाला तालुक्याच्या ठिकाणी, पोलिस ठाण्यात, तहसीलमध्ये जावे लागते. तिथे एक वाक्य हमखास कानावर पडते : "त्या बाईने अ‍ॅट्रॉसिटी केली." बोलणाऱ्याला म्हणायचे असते, की तिने तक्रार दाखल केली. 'अ‍ॅट्रॉसिटी टाकली', 'अ‍ॅट्रॉसिटी लावली' हीही तीच तऱ्हा. आपलेही कार्यकर्ते नकळत तसेच बोलतात.

लॅटिनमधल्या क्रूर, भीषण अशा अर्थाच्या शब्दापासून अ‍ॅट्रॉसिटी आला आहे. अ‍ॅट्रॉसिटी म्हणजे अमानुष अत्याचार. १९८९ च्या कायद्याचे नाव अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा आहे, म्हणजे कायदा अ‍ॅट्रॉसिटी रोखणारा आहे. रोजच्या मराठीत मात्र कर्ता उलटा झाला. मारणाऱ्याने अ‍ॅट्रॉसिटी केली असे कुणी म्हणत नाही, मार खाऊन ठाण्यात गेलेल्या बाईने ती केली असे म्हणतात. कायद्याच्या गैरवापराची चर्चा गावात इतक्या सहज का पसरते, याचे एक उत्तर या वाक्यरचनेत आहे. तक्रार हाच अत्याचार, हे आधी भाषेत ठरून जाते. आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे : 'त्यांनी अ‍ॅट्रॉसिटी केली, हिने तक्रार केली.' बैठकीत कुणी उलटे बोलले की तिथेच थांबवतो.

याच कायद्यातली आणखी तीन क्रियापदे प्रत्येक कार्यकर्त्याला आली पाहिजेत. कलम ३(१)(आर) मध्ये 'इन्सल्ट', 'इंटिमिडेट' आणि 'ह्युमिलिएट' एकत्र येतात. मराठीत घाईघाईने तिन्हींचे 'अपमान' होऊन जाते. इन्सल्टचे मूळ अंगावर झेप घेणे असे आहे, शब्दाने केलेला हल्ला. इंटिमिडेटमध्ये 'टिमिड' म्हणजे भित्रा दडलेला आहे, म्हणून धाक घालणे, धमकावणे. ह्युमिलिएटमध्ये 'ह्युमस' म्हणजे माती आहे. मातीला मिळवणे, माणसाला इतरांदेखत जमिनीवर आणणे. कलमाची रचना अशी आहे, की मुद्दाम अपमान केला किंवा धमकावले, आणि तेही ह्युमिलिएट करण्याच्या हेतूने. त्यामुळे तक्रारीत नुसते 'मला जातीवरून बोलले' असे लिहून भागत नाही. कोणते शब्द, कोणत्या जागी, कुणासमोर, हे लिहावे लागते.

'कुणासमोर' यासाठी कायद्यात 'विदिन पब्लिक व्ह्यू' असे शब्द आहेत. याचे भाषांतर 'सार्वजनिक ठिकाणी' असे केले की नुकसान होते. पब्लिक प्लेस आणि पब्लिक व्ह्यू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात स्पष्ट केले. जागा खासगी असली, उदाहरणार्थ घरासमोरचे अंगण, पण रस्त्यावरच्या लोकांना ते दिसत असेल, तर ते 'लोकांच्या नजरेसमोर' ठरू शकते. उलट चार भिंतींच्या आत, बाहेरचे कुणी नसताना घडलेली गोष्ट या कलमात बसवणे कठीण जाते. शब्दाच्या अर्थावर खटला उभा राहतो किंवा पडतो, तो असा. नेमके मार्गदर्शन वकिलाकडूनच घ्यावे, पण वकिलाला काय विचारायचे हे कळण्यासाठी तरी शब्द हवेत.

२०१८ मध्ये मार्चच्या निकालानंतर देशभर आंदोलन झाले आणि कायद्यात कलम १८-अ आले. गुन्हा नोंदवण्यापूर्वी 'प्रिलिमिनरी एन्क्वायरी'ची गरज नाही, असे ते सांगते. आमच्या वर्गातल्या मुलांना 'प्रिलिम्स' पाठ आहे, पण दोन्ही शब्द एकच आहेत हे लक्षात आले नव्हते. 'लिमेन' म्हणजे उंबरठा. प्रिलिमिनरी म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडचे. आणि 'एलिमिनेट' म्हणजे उंबरठ्याबाहेर काढणे. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "दादा, मग मी तीनदा उंबरठ्यावरूनच परत आलोय." त्याच्याकडून हा शब्द आता कधी विसरला जाणार नाही.

'मेरिट'बद्दल थोडक्यात. लॅटिन मूळ 'कमावणे' असे आहे. कमावण्यासाठी भांडवल कुणाला किती मिळाले, हा प्रश्न शब्दातच आहे. आरक्षणाच्या वादात मात्र मेरिट जन्मजात असल्यासारखे बोलले जाते. 'मेरिटॉक्रसी' हा शब्द ज्या पुस्तकाने गाजवला, ते मायकेल यंग यांचे १९५८ चे पुस्तक तर अशा व्यवस्थेवरचे उपरोधिक लेखन होते.

धम्माचे शब्द आणि वहीची रीत

धम्म इंग्रजीतून वाचणाऱ्यांची संख्या वाढते आहे, त्यांच्यासाठी एक सूचना. इंग्रजी धम्मशब्द हे आधीच एक भाषांतर आहे. 'माइंडफुलनेस' हा शब्द आज मोबाईलच्या अ‍ॅपपासून कंपन्यांच्या शिबिरांपर्यंत सगळीकडे विकला जातो. तो सतीसाठी ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या आपल्या सुत्तांच्या भाषांतरात वापरला होता. 'एन्लाइटनमेंट'मध्ये प्रकाश आहे, पण बोधीच्या मुळाशी जागे होणे आहे, म्हणून बरेच जण आता 'अवेकनिंग' लिहितात. 'इक्वॅनिमिटी' म्हणजे सम मन, उपेक्खा. मराठीत 'उपेक्षा' म्हणजे दुर्लक्ष झाले आहे, त्यामुळे इथे उलट इंग्रजी शब्द आपल्याला पालीच्या जास्त जवळ नेतो. असे तीन भाषांत जाऊन-येऊन शब्द पक्का होतो. बाबासाहेबांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले होते. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या 'रायटिंग्ज अँड स्पीचेस'च्या सोळाव्या खंडात ते आहे. एवढ्या धावपळीच्या आयुष्यात एक माणूस शब्दांच्या याद्या करत बसतो, हे तो खंड चाळताना जाणवते.

आमच्या वर्गातली वही आता साधी आहे. एका पानावर एकच शब्द. तो कुठे भेटला ते आधी लिहायचे : कोणते पुस्तक, कोणता अर्ज, कोणती नोटीस. मग शब्दाचे तुकडे आणि त्याच घराण्यातले आणखी दोन-तीन शब्द. मराठी अर्थ आपल्या बोलीत, पुस्तकी नको. शेवटी आपल्या वस्तीबद्दल एक वाक्य त्या शब्दासह. इंग्रजी-इंग्रजी कोश मोबाईलवर फुकट मिळतो आणि उच्चारही ऐकवतो, तो मोठ्याने दोनदा म्हणायचा, लाजायचे नाही. पान दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा उघडायचे. माणूस पाठ केलेले किती झपाट्याने विसरतो आणि उजळणीने काय फरक पडतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडले आहे. आठवड्याला पाच शब्द पुरेत. वर्षाला अडीचशे होतात, आणि प्रत्येकामागे त्याचे घराणे असते.

एक धोका मात्र आहे. नवा शब्द हाती आला की तो मिरवावासा वाटतो. आमच्यातल्या एका मुलाने परदेशी शिष्यवृत्तीसाठी निबंध लिहिला, त्यात 'प्लेथोरा' तीनदा होता. हा शब्द मुळात वैद्यकातला आहे, अंगात रक्त जास्त होण्याचा विकार. निबंधालाही तसेच झाले होते. त्याला आम्ही तिन्ही जागी 'मेनी' घालायला लावले आणि आईच्या घरकामाबद्दलची दोन साधी वाक्ये वाढवायला सांगितली. बाबासाहेबांचे इंग्रजी वाचताना हेही पाहा, की जिथे घाव घालायचा आहे तिथे त्यांची वाक्ये छोटी होतात आणि शब्द सोपे.

गेल्या रविवारी डिप्रेस्डचा अर्थ विचारणाऱ्या त्या मुलीनेच पुढचा शब्द आणला : 'ग्रेडेड इनिक्वॅलिटी'मधला ग्रेडेड. 'ग्रेडस' म्हणजे पायरी. ग्रॅज्युएट म्हणजे एक पायरी चढलेला, डिग्रेड म्हणजे पायरीवरून खाली आणलेला, ग्रॅज्युअल म्हणजे पायरी-पायरीने. मग तिने विचारले, की आपल्या वस्तीत आपण कोणत्या पायरीवर आहोत आणि आपल्याखाली कोण आहे. नाल्यापलीकडच्या गल्लीत आपल्यापैकी किती जण जेवायला गेले आहेत, असेही विचारले. तासभर बोलणे झाले, दोघे चिडून उठले, परत येऊन बसले. वहीत त्या शब्दाखालचे वस्तीबद्दलचे वाक्य अजून कुणी लिहिलेले नाही. ते येत्या रविवारी सगळ्यांनी लिहून आणायचे ठरले आहे.